सहाव्या आठवड्यातला सत्कार

आमच्या कॉलेजात पाण्याचा नवा नळ बसला तरी फीत कापतात. नळाला हार घालतात, ज्याने जन्मात कधी नळाखाली बादली धरली नाही अशा माणसाच्या हस्ते तो सोडतात, आणि मग तासभर भाषणं होतात. इतकी वर्षं नांदेडात काढून मला याची सवय व्हायला हवी होती. झाली नाही. मी प्राणिशास्त्र शिकवते, कोणत्याही प्राण्याच्या वागण्याने मला सहसा धक्का बसत नाही, पण फीत आणि कात्री दिसली की माझं डोकं उठतं.

माझी पीएच.डी. या फितीत पाय अडकून पडता पडता राहिली, म्हणून हे सांगते आहे.

आधी विषय सांगते. मादी उंदीर साधारण सहा आठवड्यांची झाली की वयात येत असते. त्या दिवसांत तिला जंतूंचा अर्क टोचला, म्हणजे खरा आजार नाही, नुसता आजाराचा देखावा, तर तिचं शरीर लढायला उठतं. दोन दिवस ती अंग फुगवून कोपऱ्यात बसते, खात नाही. मग उठते, खाते, धावते. बघणारा म्हणेल, बरी झाली. पण पुढे ती पूर्ण वाढल्यावर तिचा मेंदू तपासला, तर हायपोथॅलॅमस नावाच्या भागात इस्ट्रोजेन या मादीच्या हार्मोनचे रिसेप्टर कमी झालेले दिसतात. हार्मोन म्हणजे दाराशी आलेला पाहुणा धरला, तर रिसेप्टर म्हणजे उठून दार उघडणारं माणूस. पाहुणा कडी वाजवत राहतो आणि आत कोणी उठत नाही. रक्तात हार्मोन हवा तेवढा असतो, मेंदू त्याला ओळख देत नाही. अशी मादी नराला जवळ येऊ देत नाही. हाच अर्क तिसऱ्या आठवड्यात टोचला, किंवा वाढ पुरी झाल्यावर टोचला, तर असलं काही होत नाही. मधला तो काळ तेवढा नाजूक. आणि गंमत अशी, की अर्क न टोचता त्या वयात नुसता लांबचा प्रवास घडवला तरी असाच परिणाम होतो, हे परदेशातल्या लोकांनी आधीच लिहून ठेवलं आहे.

माझे गाईड आणि विभागप्रमुख डॉ. रेणुकादास कंधारकर यांना ‘मादी नराला जवळ येऊ देत नाही’ हे वाक्य उच्चारता येत नाही. सगळी नोकरी प्राणिशास्त्रात गेली या गृहस्थांची. सेमिनारमध्ये ते त्याला ‘कौटुंबिक वर्तन’ म्हणतात आणि पाणी पितात.

आमचं प्राणिगृह नवीन बांधलेलं होतं, आणि हैदराबादच्या एका पैदास केंद्रातून उंदीर आणायचे होते. मी सरांना स्पष्ट लिहून दिलं होतं, की आईपासून तोडल्याबरोबर, तिसऱ्या आठवड्यातच आणा. म्हणजे प्रवासाचा काही परिणाम राहणार नाही, सहावा आठवडा त्या इथे शांतपणे काढतील, मग निम्म्यांना अर्क टोचू, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. पाणी टोचलेल्या माद्यांचे रिसेप्टर शाबूत राहिले पाहिजेत, तरच अर्काने काय झालं ते दिसेल. यात न कळण्यासारखं काय आहे? सरांनी मान डोलावली. सर मान फार सुंदर डोलावतात.

तिसरा आठवडा आला आणि गेला. मी विचारलं तर सर म्हणाले, “अहो मॅडम, आबांची तारीख मिळेना.”

आबा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष शेषेराव. राहतात लातूरला, कॉलेजं इकडेतिकडे. प्राणिगृहाचं उद्घाटन आबांच्या हस्ते व्हायचं होतं, आणि उंदरांशिवाय प्राणिगृहाचं उद्घाटन करणं सरांना बरं दिसेना. उंदीर आधी आणून ठेवावेत, फीत नंतर कापावी, असं मी म्हणाले. त्यावर सर म्हणाले, “मग उद्घाटनाआधीच वापर सुरू केल्यासारखं होतं ना ते.” नवीन घरात वास्तुशांतीच्या आधी दूध उतू घालावं की नाही, इतक्या गांभीर्याने बोलत होते. तारीख मिळाली ती नेमकी सहाव्या आठवड्यातली.

माद्या सरांच्या मेव्हण्याच्या जीपमधून आल्या. एप्रिल महिना. वाटेत देगलूरला सरांची सासुरवाडी, तिथे जेवणं झाली, जीप अंगणात उन्हात उभी. नांदेडात पोचल्या त्या थेट मांडवात. पुढे ताशा, मागे फटाक्यांची माळ. पिंजरे पाटावर मांडून त्यांना झेंडूचे हार घातलेले, प्रत्येकावर हळदीकुंकू, आणि भागवतने, म्हणजे आमच्या शिपायाने, पिंजऱ्याच्या जाळीत उदबत्त्या खोचलेल्या. आबांनी एका मादीला शेपटीला धरून वर उचललं आणि फोटो होईपर्यंत तसंच धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं पुष्पगुच्छ देऊन स्वागत झालं. मी तो घेतला, कारण तो फेकून मारला तर हार्मोनचं जाऊ दे, नोकरीचं काय होतं ते मला ठाऊक होतं.

मी सरांना तिथल्या तिथे म्हणाले, हा गट वाया गेला. सर म्हणाले, “शकुनाच्या दिवशी असं बोलू नये.”

पुढचं काम मी तरीही पूर्ण केलं, कारण सरांनी करायला लावलं. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना मिठाचं पाणी. त्या वाढल्यावर मेंदूचे पातळ काप काढले, रंगवले. रिसेप्टर असेल तिथे तपकिरी ठिपका दिसतो. अर्कवाल्या माद्यांत ठिपके विरळ होते, ते अपेक्षितच. पाणीवाल्यांतही तितकेच विरळ. दोन्हीकडे सारखाच उजाड माळ. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी बसले होते आणि मला ताशा ऐकू येत होता.

सरांनी काप पाहिले आणि म्हणाले, “पाणीवाल्यांच्या ज्या स्लाइड जास्त वाईट आहेत, त्या तेवढ्या बाजूला ठेवा. रंग नीट चढला नसेल.”

“रंग नीट चढलाय सर.”

“अहो, सगळ्यांच्या थेसिसमध्ये थोडं इकडंतिकडं असतंच. तुम्ही फार मनाला लावून घेता.”

माझ्या नोंदणीला दोनदा मुदतवाढ मिळाली होती, तिसरी मिळत नाही. स्लाइड बाजूला ठेवल्या असत्या तर महिनाभरात डॉक्टर झाले असते. खोटं बोलण्याबद्दल माझी फार मोठी तत्त्वं आहेत असं नाही, घरी आलेल्या पाहुण्यांशी मी रोज बोलते. पण त्या तपकिरी ठिपक्यांबद्दल खोटं बोलायचं आणि मग या माणसासारखं खुर्चीत बसून मान डोलवायची, हे मला जमलं नसतं. मी सांगितलं, दुसरा गट आणीन, एकच. मुदतीत बसेल. तोही बिघडला तर नोंदणीतून माझं नाव काढून टाका.

दुसरा गट मीच आणला. पैदास केंद्राच्या गार गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून आले, तिसऱ्या आठवड्यातल्या इवल्याशा माद्या मागे. कोणाला सांगितलं नाही. भागवतला दम भरला, की उदबत्तीचा वास जरी आला तर बदली करवीन. तो बिचारा इतका घाबरला की प्राणिगृहात चालतानाही श्वास धरायचा. चौथा आठवडा सुरळीत गेला, पाचवाही. मला रात्री झोप लागायला लागली.

आणि मग व्हॉट्सॲपवर पत्रिका आली. आबांची एकसष्टी, कॉलेजच्या मैदानावर, लातूरचा नामांकित डीजे. मैदान आणि प्राणिगृह यांच्यात एक भिंत आहे. तारीख सहाव्या आठवड्यातली.

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, “माद्या दोन दिवस दुसरीकडं हलवा.”

“सर, हलवणं म्हणजेच तर प्रवास. मागच्या वेळी तेच झालं.”

“मग आवाज थोडा कमी ठेवायला सांगतो.” डीजेवाल्याला आवाज कमी ठेवायला सांगणारा माणूस मराठवाड्यात अजून जन्मायचा आहे, आणि तो सर नव्हते. त्यांनी आबांना फोनसुद्धा केला नसता. मी पहिली एसटी पकडून लातूरला गेले.

आबा ओसरीत चहा पीत बसले होते. मला ओळखलं नाही, पण बसवलं. मी सगळं सांगितलं, कौटुंबिक वर्तन वगैरे न म्हणता. आबांच्या पत्नी साखराबाई चहा घेऊन आल्या त्या तिथेच दाराला टेकून ऐकत राहिल्या.

“उंदरं?” आबा म्हणाले. “तीच का, ज्याचं उद्घाटन आमी केलं होतं?”

“ती नाहीत आबा. ती वाया गेली.”

“मेली?”

“मेली नाहीत. वाया गेली. उद्घाटनाने.”

आबा मोठ्याने हसले. “लई फटकळ बोलून राहिल्या की बाई!”

साखराबाई म्हणाल्या, “आमी तर घरात औषध टाकतो उंदराला. ह्या म्हणतात, आवाजानं त्याला तरास व्हतो.”

“तू गप बस. शिकल्या-सवरल्या बाईचं काम हाय.” आबांनी फोन काढला आणि माझ्यासमोर सरांना लावला. “कंधारकर, डीजे न्हाई पायजे. हाव, कॅन्सल. फटाकेबी न्हाई. लेकीच्या अभ्यासात आमी आडवं येतो व्हय? मुक्या जिवाचा तळतळाट कशाला घ्यायचा?” फोन ठेवून त्यांनी ओसरीत बसलेल्या चारपाच जणांकडे पाहिलं. त्या सगळ्यांनी माना हलवल्या. मोठेपणा दाखवायची संधी मिळाली की माणसाचा चेहरा कसा उजळतो, ते मी तिथे पाहिलं. मला हसू आलं नाही, कारण माझं काम झालं होतं. परतीच्या एसटीत मला त्या माणसाबद्दल जवळजवळ आदर वाटला. तो एकसष्टीच्या दिवसापर्यंत टिकला.

एकसष्टीला मैदानावर खरोखर शुकशुकाट होता. जेवणाचा मांडव होता पण भोंगा नव्हता. मी सकाळपासून प्राणिगृहाच्या बाहेरच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर तपासत होते. आत माद्या झोपल्या होत्या. इतकी शांतता मी त्या आवारात कधी ऐकली नव्हती.

भागवत चवड्यांवर पळत आला. “मॅडम, आबा इकडंच येऊन राहिले. समदेच.”

“कशाला?”

“उंदरांचा सत्कार हाय म्हणं. चपला काढून येऊन राहिले, आवाज न्हाई झाला पायजे म्हणून.”

मी उठून पाहिलं. चाळीसेक माणसं अनवाणी, एकामागे एक, ओठांवर बोट ठेवून चालत येत होती. मयतीलासुद्धा आमच्याकडे इतकी शिस्त नसते. पुढे सर, हातात शाल आणि श्रीफळ. त्यांच्यामागे आबा, डोक्याला फेटा. मग फोटोवाले, दोन पत्रकार, आणि शेवटी दोघांनी धरलेला फलक: ‘मुक्या जिवांसाठी आबांचा त्याग.’ त्याग म्हणजे डीजे. आपण गप्प बसलो, ही गोष्टसुद्धा यांना चार लोकांना बोलावून साजरी केल्याशिवाय राहवत नव्हतं.

सर माझ्या कानाशी आले आणि कुजबुजले, “पाचच मिनिटं मॅडम. आबा एक उंदीर हातात घेतील, फोटो होईल, झालं. आवाज अजिबात नाही. बघा, तुमचीच अट पाळलीय.”

खरं सांगते, त्या वेळी माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. ते बोलले असते तर आयुष्यभर बरं वाटलं असतं. पण किल्ली माझ्या एकटीकडे नव्हती, दुसरी सरांच्या खिशात होती. मी भांडले असते तर मला बाजूला सारून दार उघडलं असतं, चाळीस माणसं आत, फ्लॅश, पिंजरे वर-खाली, पुन्हा शेपटीला धरून फोटो. मी गेले तीन आठवडे त्यांचं काय जपत होते, हे आत झोपलेल्या माद्यांना कळलंही नसतं.

मी दाराला कुलूप लावलं, किल्ली पदराच्या गाठीत बांधली आणि आबांसमोर जाऊन उभी राहिले.

“आबा, सत्कार माझा करा.”

“तुमचा?”

“माद्या सहाव्या आठवड्यात आहेत. माझं काय व्हायचं ते कधीच होऊन गेलंय. मला काही होणार नाही.”

लोक हसले, हळू आवाजात. त्यांना तो विनोद वाटला. मी चौदा वर्षांची होते तेव्हा टायफॉइडमधून उठले त्याच आठवड्यात मला अहमदपूरहून लातूरच्या वसतिगृहात पाठवलं होतं, कारण ट्रंक भरून झाली होती आणि मुहूर्त चांगला होता. तिथल्या खोलीत मी महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपत असे. घरचे म्हणायचे, बरी झाली, खातेपिते. उंदरांवरून माणसाबद्दल काही सिद्ध होत नाही, हे मी वर्गात शिकवते आणि ते खरं आहे. तरी त्या व्हरांड्यात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी आल्याचा मला भयंकर राग आला.

आबांना पाणी दिसलं आणि ते विरघळले. “रडू नका ताई. चला, तुमचाच करू.”

“इथं नको आबा. तिकडे लिंबाखाली. तिथे बोलता येईल.” बोलता येईल म्हटल्यावर सगळे पाय आपोआप लिंबाकडे वळले.

लिंब प्राणिगृहापासून लांब आहे, फाटकाजवळ. तिथे माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोन शब्द बोलले नाही. जेवणाची वेळ होईपर्यंत बोलले. थांबले असते तर कोणाला तरी पुन्हा उंदीर आठवले असते. आबांच्या दातृत्वावर बोलले, त्यांच्या फेट्यावर बोलले. मग मी सरांवर आले. सरांनी मला संशोधनाची दृष्टी दिली, असं म्हणाले. सरांनी बोट धरून चालवलं, असंही म्हणाले. सर मान डोलवत होते, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते, हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. आयुष्यभर ज्या माणसांकडे मी नाक मुरडून पाहिलं, त्यांची मी इतकी स्तुती केली की घसा बसला. शेवटी वाढप्याने हाक मारली आणि सगळे जेवायला गेले. मी व्हरांड्यात येऊन दाराला कान लावला. आत काही हालचाल नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा शाल-नारळाचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, ‘उंदीरमित्र प्राध्यापिकेचा गौरव.’ स्टाफरूममध्ये तो अजून लावलेला आहे.

माद्या वाढल्या. काप काढले, रंगवले. अर्कवाल्यांत ठिपके विरळ. मग मी पाणीवालीची पहिली स्लाइड लावली आणि डोळा टेकवला. तपकिरी ठिपके, दाट, एकाला एक लागून, मेंदूच्या दोन्ही बाजूंना. दार उघडायला सगळी माणसं जागेवर होती. मी दुसरी लावली, तिसरी लावली. मग भागवतला बोलावून दाखवलं. त्याला काही कळलं नाही, पण मी हसत होते म्हणून तोही हसला.

थेसिसमध्ये मी एकही स्लाइड बाजूला ठेवली नाही. पहिला गटही घातला, दुसराही. तोंडी परीक्षा आबांच्या सोयीने लातूरला झाली. पहिल्या रांगेत आबा, कारण आबांशिवाय काही होत नाही. बाहेरच्या परीक्षक म्हणून हैदराबादहून चंद्रप्रभा मॅडम आल्या होत्या, बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दोन फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावायला सांगितले. पहिल्या गटाची पाणीवाली, आणि दुसऱ्या गटाची पाणीवाली. एक उजाड, एक भरलेली.

“या दोघींनाही नुसतं मिठाचं पाणी दिलंय,” त्या म्हणाल्या. “जात एक, वय एक, खाणं एक. मग हा फरक?”

मी उत्तर द्यायच्या आत सर उभे राहिले. “मॅडम, तो पहिला गट मी मुद्दामच तसा ठेवला होता. ताणाचा गट. नियोजनच होतं ते माझं.”

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. आबांनी वळून सरांकडे अभिमानाने पाहिलं. मला मुळीच नवल वाटलं नाही. फीत कापली तेव्हापासून या क्षणापर्यंत हा माणूस नेमका एवढ्यासाठीच चालत आला असावा.

चंद्रप्रभा मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. “ताण म्हणजे काय दिलात? थेसिसमध्ये पद्धतीच्या प्रकरणात प्रवास आणि आवाज एवढंच लिहिलंय. नेमकं सांगा.”

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला. प्रश्न त्यांना होता, पण त्या बघत माझ्याकडे होत्या. लिंबाखाली मी बोलायचं ते सगळं खोटं बोलून संपवलं होतं, आता जवळ काही शिल्लक नव्हतं.

“पहिल्या गटाचा यांनी सत्कार केला होता,” मी म्हणाले. “दुसऱ्याचा मी करू दिला नाही.”